उजेड छतावरून खाली आणावा : कमी खर्चात झोपण्याची खोली बदलण्याची रीत

झोपण्याची खोली उदास वाटू लागली की आपण भिंतींना नवा रंग द्यावा, पडदे बदलावेत, कपाट हलवावे असे बेत करू लागतो. या सगळ्या वस्तू आपल्याला ज्या उजेडात दिसतात त्या उजेडाचा विचार मात्र बहुधा शेवटी येतो, किंवा येतच नाही. बहुतेक खोल्यांमध्ये छताच्या मध्यावर एक दिवा किंवा भिंतीवर उंच एक ट्यूबलाइट असते, दाराजवळ तिचा स्विच असतो, आणि कपडे आवरण्यापासून पुस्तक वाचण्यापर्यंतची सगळी कामे त्या एकाच दिव्याखाली उरकली जातात. तो पुरत नाही असे वाटले की अधिक वॉटचा दिवा आणला जातो, आणि खोली आणखी लख्ख पण आणखी निर्जीव दिसू लागते. येथे सांगितलेली रीत याच्या उलट आहे : उजेड छतावरून खाली आणायचा, दोन-तीन ठिकाणी वाटून द्यायचा आणि संध्याकाळनंतर त्याचा रंग उबदार ठेवायचा. यासाठी भिंत फोडावी लागत नाही, नवे वायरिंग लागत नाही, आणि बहुतेक कामे एका सुट्टीच्या दिवसात होऊन जातात.

आधी एक संध्याकाळ निरीक्षणाची

काहीही विकत घेण्यापूर्वी एक संध्याकाळ खोलीकडे नीट पाहण्यात घालवावी. एका कागदावर खोलीचा साधा आराखडा काढून त्यात पलंग, कपाट, आरसा, खिडकी, दार, स्विच आणि प्लग लावण्याच्या जागा दाखवाव्यात. मग त्या खोलीत आपण प्रत्यक्षात काय-काय करतो आणि कोठे उभे राहून किंवा बसून करतो ते त्या-त्या जागी लिहावे. कोणी पलंगावर टेकून वाचतो, कोणी कपाटासमोर उभे राहून दोन सारख्या दिसणाऱ्या रंगांतला फरक शोधतो, कोणी आरशासमोर केस विंचरतो, कोणी रात्री पाणी प्यायला उठतो. प्रत्येक कामाला लागणारा उजेड वेगळा असतो, आणि बहुतेक वेळा असे लक्षात येते की खोलीच्या मध्यभागी, जेथे सगळ्यात जास्त उजेड पडतो, तेथे कोणीच काही करत नाही.

त्यानंतर दिवा चालू ठेवून पलंगावर उताणे पडून पाहावे. घरातली ही एकच खोली अशी आहे की जेथे आपण बराच वेळ छताकडे तोंड करून असतो, आणि बसून किंवा उभे राहून ज्या दिव्याचा काहीच त्रास वाटत नाही तोच दिवा आडवे पडल्यावर थेट डोळ्यांत घुसतो. त्याच स्थितीत हातात पुस्तक धरून पानावर स्वतःच्या हाताची किंवा डोक्याची सावली पडते का तेही पाहावे. खोलीत छताचा पंखा असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी : दिवा पात्यांपेक्षा उंचावर असेल आणि त्याचा उजेड फिरत्या पात्यांमधून खाली येत असेल, तर भिंतीवर आणि पानावर सावल्यांची सतत फडफड चालू राहते. सवयीमुळे ती जाणवेनाशी होते, पण डोळ्यांचा शीण होतच राहतो. असा दिवा बदलून उपयोग नसतो. रात्रीच्या वापरासाठी पात्यांच्या खालच्या पातळीवर दुसरा दिवा आणणे हाच त्यावर उपाय आहे.

बिनखर्चाची कामे

दिव्यावरचे काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण शेवटचे कधी उतरवले होते हे आठवत नसेल तर कामाची सुरुवात तेथून करावी. दिवा बंद करून तो थंड झाल्यावर झाकण काढावे, आत साचलेली धूळ आणि मेलेले किडे झटकावेत, झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करूनच परत बसवावे, आणि दिवा मात्र फक्त कोरड्या फडक्याने पुसावा. धुळीचा थर हळूहळू जमत असल्यामुळे किती उजेड अडला आहे याचा अंदाज आपल्याला येत नाही. तो झाकण धुतल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी येतो.

दिवसाच्या उजेडासाठी खिडकीच्या काचा पुसाव्यात आणि पडदे उघडल्यावर ते कोठे गोळा होतात ते पाहावे. पडद्याची दांडी खिडकीएवढीच लांब असेल तर उघडलेले पडदे दोन्ही बाजूंनी काचेचा मोठा भाग झाकून ठेवतात. हीच दांडी दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटर लांब असेल तर पडदे भिंतीवर सरकतात आणि पूर्ण काच मोकळी होते. आरसा खिडकीच्या लगतच्या भिंतीवर लावला तर तो दिवसाचा उजेड खोलीच्या आतल्या भागात फेकतो. फक्त रात्री त्यात एखाद्या उघड्या दिव्याचे प्रतिबिंब पलंगावरून दिसत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

दिव्याचे खोके वाचायला शिकावे

दिवा विकत घेताना आपण अजूनही वॉट विचारतो, कारण तारेच्या जुन्या बल्बच्या काळात वॉट म्हणजे उजेड असे समीकरण मनात पक्के बसले. वॉट हा विजेच्या वापराचा आकडा आहे. दिवा किती उजेड देतो ते लुमेन या आकड्यावरून कळते. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ८०० लुमेन उजेड देत असे आणि तेवढाच उजेड आज ८ ते ९ वॉटचा एलईडी दिवा देतो. जुन्या ४० वॉटच्या बल्बची बरोबरी करायला सुमारे ४५० लुमेन पुरतात. झोपण्याच्या खोलीसाठी बहुतेक वेळा हे दोनच आकडे लक्षात ठेवले तरी चालते. एलईडी दिवा जुन्या बल्बसारखा एकदम उडेलच असे नाही, तो वर्षानुवर्षे मंदावत जातो. खोक्यावर लिहिलेले आयुष्यही सहसा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असते. म्हणून फार जुना एलईडी दिवा चालू असला तरी तो बदलून पाहण्यासारखा असतो.

दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. लोखंड तापवले की ते आधी लालसर, मग पिवळे आणि अखेरीस पांढरे दिसते. केल्विनचा हिशेब त्याच अनुभवावर आधारलेला आहे, त्यामुळे आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर आणि आकडा जितका मोठा तितका निळसर. मेणबत्तीची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते, तारेचा जुना बल्ब २७०० च्या आसपास, आणि ‘कूल डेलाइट’ म्हणून विकली जाणारी ट्यूबलाइट ६५०० केल्विनची असते. झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे ‘वॉर्म व्हाइट’ दिवे वापरावेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना हा पिवळेपणा आजारी वाटतो त्यांनी एक गोष्ट करून पाहावी : खोलीतले सगळे दिवे एकाच वेळी बदलावेत. पिवळा दिवा आजारी दिसतो तो बहुधा शेजारी निळसर ट्यूबलाइट चालू असते म्हणून; डोळा दोन्हींची तुलना करत राहतो आणि दोन्हीही त्याला चुकीचे वाटतात. एकट्याने जळणारा २७०० केल्विनचा दिवा पाच-दहा मिनिटांत डोळ्यांच्या अंगवळणी पडतो.

या निवडीमागे केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे मुख्य काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी स्वतःहून उजेड टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे की रात्र याची वर्दी देतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि असा उजेड रात्री डोळ्यांत गेला की झोपेची तयारी करणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे मंदावते. पांढरा एलईडी दिवा मुळात निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर यांच्या मिश्रणातून तयार होतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले तिच्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कूल डेलाइट दिव्यात निळ्याचा वाटा मोठा राहतो, वॉर्म व्हाइटमध्ये तो पुष्कळ कमी होतो. मात्र नुसता रंग बदलून भागत नाही. पिवळसर पण डोळे दिपवणारा दिवा झोपेच्या आधी तासभर डोक्यावर जळत राहिला तर त्याचाही परिणाम होतोच, म्हणून रंग उबदार करण्याबरोबर उजेड मंद करणेही तितकेच गरजेचे आहे.

तिसरा आकडा सीआरआय. वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात ते तो सांगतो. सामान्य एलईडी दिवे ८० च्या आसपास असतात. ९० किंवा त्याहून जास्त आकड्याचा दिवा मिळाला तर लाकडाचा तपकिरी रंग, तांबडे कापड आणि माणसाचा चेहरा यांत स्पष्ट फरक दिसतो. सगळे दिवे या प्रतीचे घेणे परवडत नसेल तर एकच घ्यावा आणि तो आरशाजवळ किंवा कपाटाजवळ लावावा.

खरेदीला जाण्यापूर्वी जुना दिवा काढून त्याचे बूड पाहून घ्यावे. दोन बारीक खिळ्यांचे, दाबून फिरवायचे बूड असेल तर ते बी २२, आणि आट्यांचे, स्क्रूसारखे फिरवायचे असेल तर ई २७ किंवा त्याहून बारीक ई १४. हे आकडे बुडाचा मिलिमीटरमधला व्यास दाखवतात.

अंतर कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय

आता मुख्य मुद्दा. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की पानावर पडणारा उजेड एक-चतुर्थांश उरतो. छतावरचा दिवा पुस्तकापासून साधारण २ मीटरवर असतो आणि उशाजवळचा दिवा साधारण ५० सेंटिमीटरवर असतो. अंतर चार पटींनी कमी झाले की तेवढ्याच दिव्याचा पानावर थेट पडणारा उजेड १६ पट होतो. छतावर ८०० ऐवजी १६०० लुमेनचा दिवा लावून जे साधणार नाही ते ४५० लुमेनचा दिवा उशाशी आणून सहज साधते, आणि उरलेली खोली शांत, मंद राहते.

एक उदाहरण घेऊ. खोली ३ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब, म्हणजे साडेदहा चौरस मीटर आहे. सर्वसाधारण वावरासाठी १०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १०० लुमेन, पुरेसे धरले तर १०५० लुमेन लागतात. भिंती, शेड आणि कोपरे यांत बराच उजेड खर्ची पडतो म्हणून ठोकळ हिशेबाने दुप्पट, म्हणजे साधारण २१०० लुमेन धरावेत. हे २१०० लुमेन एका दिव्यात कोंबण्याऐवजी छतावर ८००, पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४५० आणि उरलेले ४०० भिंतीच्या कडेने लपवलेल्या पट्टीत वाटले, की सगळे दिवे लावल्यावर खोली आवरण्याइतका उजेड मिळतो, आणि रात्री त्यातला पाचवा हिस्साही पुरतो. भिंती गडद रंगाच्या असतील तर हा हिशेब तोकडा पडेल, कारण स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत करते, तर गडद निळी किंवा तपकिरी भिंत त्यातला अगदी थोडा परत करते. सगळी खोली रंगवणे शक्य नसेल तर फक्त छत पांढरे करून घेतले तरी फरक पडतो.

उशाचा दिवा

खर्च करायला एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर ते उशाच्या दिव्यावर खर्च करावेत. त्याची उंची ठरवण्याची सोपी रीत अशी आहे की पलंगावर टेकून, रोज वाचायला बसतो तसे बसावे आणि शेडची खालची कड हनुवटी व खांदा यांच्या दरम्यान येईल असे पाहावे. कड त्याहून वर गेली की आतला दिवा डोळ्यांना दिसतो, आणि फार खाली गेली की उजेडाचे वर्तुळ पानाऐवजी उशीवर पडते. टेबल ठेंगणे असेल तर दोन-तीन जाड पुस्तके किंवा लाकडी ठोकळा खाली ठेवून आधी योग्य उंची शोधावी. शेडचे कापड फिकट आणि आतली बाजू पांढरी असावी. गडद किंवा जाड शेडमधून उजेड फक्त वर आणि खाली निसटतो, आणि खोलीला तो हवाहवासा मंदपणा येत नाही.

पलंगाशेजारी टेबलाला जागा नसेल तर पलंगाच्या उशाकडच्या फळीला चिमट्याने पकडणारा दिवा घ्यावा, किंवा भिंतीवर दोन स्क्रूंनी बसणारा आणि वायरीने प्लगला जोडायचा दिवा घ्यावा. त्याची वायर भिंतीच्या रंगाच्या प्लास्टिक पट्टीत सरळ रेषेत खाली नेली की ती खटकत नाही. माझ्या खोलीत मी असा चिमट्याचा दिवा फळीच्या अगदी मधोमध लावला होता, आणि पहिल्याच रात्री पुस्तकाच्या उजव्या पानावर माझ्याच डोक्याची अर्धवट सावली पडू लागली. दिवा डावीकडे जेमतेम एक वीत सरकवला, त्याची मान थोडी पुढे वाकवली, आणि उजेड खांद्यावरून तिरपा येऊन दोन्ही पानांवर सारखा पसरला. दिवा तोच होता आणि खर्चही नव्हता, पण त्या वीतभर अंतराने वाचणे सुखाचे झाले. म्हणून स्क्रू मारण्यापूर्वी दिवा चिकटपट्टीने किंवा दोरीने तात्पुरता अडकवून दोन रात्री तरी वापरून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

पलंगावर दोघे झोपत असतील तर दोघांचे दिवे आणि त्यांचे स्विच वेगळे हवेत. एकाला वाचायचे आहे आणि दुसऱ्याला पहाटे उठायचे आहे ही रोजची अडचण अरुंद झोताच्या, मान वळवता येणाऱ्या दिव्याने सुटते. स्विच पडल्या-पडल्या, डोळे न उघडता हाताला लागला पाहिजे. टेबलाच्या मागे हात घालून शोधावा लागणारा स्विच माणसाला पुन्हा छतावरच्या दिव्याकडे ढकलतो. वायरीतच बसवलेला छोटा स्विच असलेला दिवा म्हणूनच अधिक सोयीचा ठरतो.

भिंतीवरून येणारा उजेड

उशाच्या दिव्याने वाचन साधते, पण खोलीत तेवढा एकच दिवा असला तर बाकीचा भाग अंधारात राहून उजेड आणि काळोख यांतला फरक डोळ्यांना टोचतो. त्यासाठी मंद, आपल्याला थेट न दिसणारा आणखी एक उजेड हवा. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कपाटाच्या डोक्यावर किंवा कोपऱ्यातल्या स्टुलामागे एक साधा दिवा छताकडे तोंड करून ठेवणे. दिवा दिसत नाही, उजळलेले छत तेवढे दिसते आणि तेथून मऊ उजेड सगळीकडे झिरपतो.

दुसरी युक्ती एलईडी पट्टीची आहे, आणि तिच्या बाबतीत थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण स्वस्त वस्तूंपैकी सर्वांत जास्त चुका याच वस्तूच्या बाबतीत होतात. पट्टी स्वतः कधीही दिसता कामा नये. दिसावी ती तिने उजळलेली भिंत. मी ती प्रथम एका फळीखाली, खोलीकडे तोंड करून चिकटवली होती, आणि समोरच्या गुळगुळीत कपाटाच्या दारावर तिचा प्रत्येक दिवा वेगवेगळ्या ठिपक्यासारखा उमटू लागला. तीच पट्टी पलंगाच्या उशाच्या फळीमागे, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून भिंतीकडे वळवली तेव्हा ठिपके नाहीसे झाले आणि फळीच्या वर उजेडाची एकसंध झालर तयार झाली. पलंग भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर तो तेवढा पुढे ओढावा. जेथे पट्टी दिसणे टळतच नाही तेथे ती दुधी झाकण असलेल्या ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवावी. त्यामुळे ठिपके लपतात आणि पट्टीची उष्णताही बाहेर निघते.

पट्टीसाठी अडॅप्टर निवडताना साधा गुणाकार करावा. दर मीटरला ६० बारीक दिवे असलेली एक सामान्य पट्टी मीटरला ४.८ वॉट घेते. ३ मीटरला १४.४ वॉट होतात, त्यात पाचवा हिस्सा जास्तीचा धरला की साधारण साडेसतरा वॉट होतात, म्हणून १२ व्होल्ट आणि २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॉटचा अडॅप्टर निर्धास्तपणे चालतो. अडॅप्टरचा व्होल्ट पट्टीच्या व्होल्टशी जुळलाच पाहिजे. १२ व्होल्टच्या बहुतेक पट्ट्या दर तीन दिव्यांनंतर छापलेल्या खुणेवरच कापाव्या लागतात. मध्ये कोठेही कापल्यास तो तुकडा निकामी होतो. एका टोकाने वीज दिलेली पट्टी ५ मीटरपेक्षा लांब नेली तर दुसरे टोक फिके पडू लागते. मागचा चिकट थर धुळीवर टिकत नाही, म्हणून लाकूड ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळू देऊन मगच पट्टी दाबून बसवावी. रंग बदलणाऱ्या पट्ट्या दुकानात आकर्षक दिसतात, पण तीन रंग मिसळून तयार होणारा पांढरा उजेड बहुधा फिका आणि बेसूर असतो. झोपण्याच्या खोलीसाठी फक्त वॉर्म व्हाइट रंगाची पट्टी घेणे शहाणपणाचे आहे.

मंद करण्याची सोय

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा स्विच, ही चांगली सोय आहे, पण थोड्या पैशांत तिच्यामागे लागू नये. खोक्यावर ‘डिमेबल’ असे लिहिलेले नसेल तर एलईडी दिवा डिमरवर लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लवकर खराब होतो, आणि जुन्या तारेच्या बल्बसाठी बसवलेला डिमर डिमेबल एलईडीशीसुद्धा नेहमी जुळतोच असे नाही. त्याऐवजी स्विच बंद करून लगेच पुन्हा लावला की उजेडाची पायरी बदलणारे दिवे मिळतात. त्यांना वेगळे वायरिंग लागत नाही. मोबाइलवरून चालणारे दिवेही आहेत, परंतु भिंतीवरचा स्विच कोणी सवयीने बंद केला की ते मोबाइलचे ऐकत नाहीत, आणि झोपताना दिवा मालवण्यासाठी पुन्हा पडद्याकडे पाहावे लागते. मला स्वतःला वेगवेगळ्या जागी ठेवलेले तीन मंद दिवे आणि त्यांचे तीन स्विच हेच सर्वांत भरवशाचे वाटतात.

दिवा घरी आणल्यावर मोबाइलचा कॅमेरा त्याच्याजवळ धरून पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात का ते पाहावे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणारा निकृष्ट दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्यांना ते थेट दिसत नसले तरी काहींचे डोके त्यामुळे दुखते. पट्टे ठळक असतील तर तो दिवा परत करावा किंवा निदान वाचण्याच्या जागी तरी लावू नये.

रात्री उठणाऱ्यांसाठी

रात्री उठताना छतावरचा दिवा लावला की झोप पार उडते, आणि न लावला तर ठेचकाळण्याची भीती असते. गुडघ्याच्या खाली, पलंगाच्या कडेखाली किंवा दाराजवळच्या प्लगमध्ये, हालचाल टिपून आपोआप लागणारा पिवळसर मंद दिवा बसवला तर जमीन आणि चपला दिसतात, डोळ्यांत मात्र काही जात नाही. घरात वयस्कर माणसे असतील तर येथे काटकसर करू नये. वयोमानाने बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळे पडते, त्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यांच्या उशाचा दिवाही म्हणूनच अधिक लुमेनचा घ्यावा, मात्र त्याचा झोत पानावरच राहील अशी शेड त्याला असावी.

सावधगिरी

होल्डरला हात लावण्यापूर्वी भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे समजू नये, कारण वायरिंग उलटे झाले असेल तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये वीज असू शकते; त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतला त्या खोलीची वीज तोडणारा स्विच, खाली पाडावा आणि टेस्टरने खात्री करावी. शेडवर लिहिलेल्या कमाल वॉटपेक्षा मोठा दिवा तिच्यात लावू नये. उजेड मंद करण्यासाठी दिव्यावर ओढणी किंवा कागद टाकण्याची सवय अनेक घरांत असते, ती आग लागण्याइतकी धोक्याची आहे. वायर गादीखालून किंवा सतरंजीखालून नेऊ नये, अडॅप्टर पांघरुणाखाली दबू देऊ नये, आणि एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा जोडून लांबी वाढवू नये. एलईडी दिवा पूर्ण बंदिस्त झाकणात फार तापतो आणि त्याचे आयुष्य घटते, तेव्हा अशा झाकणासाठी बनवलेलाच दिवा पाहून घ्यावा. भिंतीच्या आतल्या वायरिंगचे काम, मग ते पलंगाजवळ दुसरा स्विच आणण्याइतके लहान असले तरी, वायरमनकडूनच करून घ्यावे.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत

पहिल्या दिवशी सफाई करावी आणि छतावरचा दिवा वॉर्म व्हाइट करावा. त्यानंतर उशाचा दिवा घ्यावा, आणि तेथेच थांबून आठवडाभर त्याच्यासह राहावे. सगळे एकदम आणले तर कोणत्या दिव्याने काय साधले ते कळत नाही आणि अनावश्यक वस्तू घरात येतात. या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर छतावरचा दिवा लावायचा नाही असे ठरवावे आणि पहिल्या दिवशी काढलेला आराखडा दाराजवळ, स्विचच्या शेजारी चिकटवून ठेवावा. ज्या-ज्या वेळी न राहवून हात त्या स्विचकडे जाईल, त्या-त्या वेळी आपण कोठे उभे होतो आणि काय शोधत होतो त्या जागी पेन्सिलीने एक फुली मारावी. एखाद्याच्या आराखड्यावर सगळ्या फुल्या कपाटासमोर जमतील, एखाद्याच्या आरशापाशी, एखाद्याच्या दारापासून पलंगापर्यंतच्या वाटेवर. आठवडा संपल्यावर जेथे फुल्या सर्वांत दाट दिसतील, तेथे पुढचा दिवा लावावा.